समुद्र जागेवर नव्हता ती सकाळ

"समुद्र हा पृथ्वीचा आद्य महाकवी होय. त्याच्या एकेका लाटेत विश्वाच्या उदयाचे आणि विलयाचे एकेक अक्षर कोरलेले असते. त्याच्या सन्मुख उभा राहून जो नतमस्तक होत नाही, तो मनुष्यच नव्हे."

मार्गशीर्षातील त्या सायंकाळी, केशर कालवलेल्या उजेडात, वेळशेतच्या वाळूवर हे वाक्य उच्चारले गेले. पश्चिमेला ताम्रवर्ण बिंब बुडत होते. माडांच्या झावळ्यांतून सोन्याची भुकटी गळत होती. परतणाऱ्या बगळ्यांची एक शुभ्र, सैल माळ आभाळाच्या गळ्यात पडत होती आणि सुटत होती, पडत होती आणि सुटत होती.

वाक्य बापूसाहेब ताम्हण्यांचे होते. ते त्यांनी समुद्राकडे पाठ करून म्हटले, कारण माणसे दुसऱ्या बाजूला बसली होती.

समुद्राने काही मनावर घेतले नाही. समुद्र आपल्या जागी होता.

*

दूर, फार दूर, देशाच्या पलीकडच्या अंगाला, उगवतीच्या समुद्रात, पाण्याच्या तळाखाली पृथ्वीने कूस बदलली होती. झोपेत कूस बदलावी तशी, सहज. आणि त्या सहजतेने उठलेल्या लाटा किनाऱ्यांवरून अशा फिरल्या, जसा पाटीवरून ओला बोळा फिरतो. काल जिथे घरे होती, देवळे होती, वाळत घातलेली लुगडी होती, तिथे आज चिखल होता, आणि चिखलावर निरभ्र, निर्लज्ज निळे आकाश.

वेळशेत मावळतीच्या किनाऱ्यावर. इथे पेल्यातले पाणीही हलले नव्हते. पण वेळशेत हलले. बातमीची लाट टेलिव्हिजनच्या काचेतून घराघरांत शिरली आणि पडवीपर्यंत पोचली. चुलीवरचे दूध उतू जात राहिले, आणि बायका पदर तोंडाशी धरून काचेकडे पाहत राहिल्या. शेजाऱ्याशी कुंपणावरून भांडत असलेले गृहस्थ भांडण अर्धे टाकून शेजाऱ्याच्याच घरी बातम्या बघायला बसले, कारण त्याचा टेलिव्हिजन मोठा होता.

ज्याला जसे जमले, तसे तो हळहळला. सुधाकर न्हाव्याने भूकंप कसा होतो ते गिऱ्हाइकाच्या डोक्यावर, दोन्ही तळव्यांनी, साभिनय दाखवले. गिऱ्हाईक नंतर दिवसभर मान धरून फिरत होते. सोमजाईला अभिषेक झाला. कॉलेजच्या मुलांनी जुने कपडे गोळा केले. तेव्हा कुठे कळले, की एवढ्याशा गावात एवढे एकेकटे पायमोजे होते, आणि बिनबाह्यांचे एवढे स्वेटर. देणाऱ्यांच्या डोळ्यांत मात्र पाणी खरे होते. माणसाचे असे असते. डोळे स्वतःचे देतो, स्वेटर मेव्हण्याचा देतो.

आणि शोकसभा झाली. बापूसाहेब ताम्हणे हे वेळशेतच्या शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक, वाचनालयाचे अध्यक्ष आणि गावातल्या प्रत्येक शोकसभेचे वक्ते. गावात कोणी अंथरूण धरले, की बापूसाहेबांची काळी टोपी ब्रशाखाली येते, असे लोक म्हणत. हे धादांत खोटे होते. टोपी नेहमीच तयार असे.

त्या सायंकाळी बापूसाहेब बोलले. धीरगंभीर, घंटानादासारखे बोलले. त्यांचा आवाज मधेच थरथरला, आणि तो थरथराट ठरवून आणलेला नव्हता. वाहून गेलेल्या अनाम, अगणित जीवांबद्दल बोलताना त्यांना खरोखरच गहिवरून आले. त्या गहिवराच्या भरात ते म्हणाले, "आज आपले बांधव सागराच्या उदरात आहेत. आज जो कोणी मासा खाईल, तो..."

इथे ते थांबले. वाऱ्याने त्यांचे उपरणे तोंडावर आणले. ते बाजूला करीपर्यंत वाक्याचा उत्तरार्ध निसटला होता. बापूसाहेबांनी पुढचे वाक्य घेतले.

पण अर्धे वाक्य सभेत राहिले, आणि ज्याने त्याने ते आपापल्या घरी जाऊन पुरे केले. दुसऱ्या दिवसापासून वेळशेतने मासळी सोडली. उगवतीचा मासा मावळतीला यायचा, तर त्याला अख्ख्या देशाला वळसा घालून यावे लागेल, हा विचार कोणी केला नाही. दुःखाच्या वेळी नकाशा कोण बघतो? बापूसाहेबांच्या घरी मीठ-हळद लावून ठेवलेली पापलेटे मांजराला गेली. मांजराने दुखवटा पाळला नाही. बापूसाहेब ते पाहत उभे राहिले, आणि त्या घटकेला त्यांच्या मुखावर जे करुणगंभीर भाव होते, ते सभेतही उमटले नव्हते.

*

सभेत सगळ्यांच्या मागे, वाळूच्या उतारावर, रिकाम्या पाटीवर कोपर टेकून हरकू बसली होती.

हरकू कोळीण. काळ्या कातळावर ऊन पडावे तसे तिचे हसणे. तिच्या हाकेने वेळशेतच्या सकाळी उघडत, दारामागून दार, खिडकीमागून खिडकी. पण आता तिची पाटी पालथी होती, आणि तिची हाक तिच्याच गळ्यात, जाळ्यात अडकलेल्या पाखरासारखी.

काचेतल्या त्या किनाऱ्यावर तिने एक बाई पाहिली होती. फुटक्या होडीच्या फळीला पाठ लावून बसलेली, दोन्ही हात समोर टाकलेली. तळवे वर. त्या बाईची भाषा हरकूला कळत नव्हती, पण ते हात कळत होते. जड पाटी दिवसभर वाहून उतरवली, की हात तसे पडतात. पाटी मात्र कुठे दिसत नव्हती.

कपडे गोळा करणारी मुले दारात आली तेव्हा हरकूने आपली नवी, वेताची, पिवळीजर्द पाटी पुढे केली.

"मावशी, कपडे द्यायचेत," मुले म्हणाली.

"कापडं देतील सगली. तिला परवा धंद्याला बसायचाय, तवा ती काय सोटर इकील?"

मुले एकमेकांकडे पाहत राहिली. मग त्यांतल्या एकाने जमलेले स्वेटर पाटीत भरले, कारण पिशवी फाटली होती. अशा रीतीने पाटी निघाली. त्या बाईपर्यंत पोचली की नाही, ते समुद्राला ठाऊक.

हरकूचे दुःख सगळ्यांसारखेच होते, पण तिच्या दुःखाला एक बोट जास्त होते, आणि ते बोट सारखे पाण्याकडे दाखवीत होते. तिचा नवरा जोमा नाखवा होडी घेऊन बाहेर होता. पृथ्वीने कूस बदलली त्याच्या आदल्या पहाटे तो गेला, बर्फ भरून, खलाशी घेऊन, खोल पाण्याकडे. बाकीच्या नाखवांनी बातमी ऐकून आपापल्या होड्या वाळूवर ओढल्या होत्या. त्या तिथे आजारी गुरांसारख्या कलंडून पडल्या होत्या. जोमाची तेवढी बाहेर होती. तो निघाला तेव्हा दोघांचे भांडण झाले होते. भांडणाचा विषय जागतिक महत्त्वाचा नव्हता. होडीवरच्या रेडिओचे सेल हरकूने काढून घरच्या बॅटरीत घातले होते, आणि जोमा म्हणाला होता, "माझे सेल दे," आणि हरकू म्हणाली होती, "रातच्याला मी काय डोळे लावून बगू? रेडू नसला तर मासं येत नाय काय जाळ्यात?"

तेव्हा तो हसला नव्हता. पाठमोरा गेला होता.

आता रेडिओ मुका होता. जगात काय घडले, हे जोमाला माहीत नव्हते; आणि जोमाचे काय घडले, हे जगाला माहीत नव्हते. दोघांच्या मधे, फडताळात, बॅटरीच्या पोटात, दोन सेल शांत बसले होते. त्या रात्रींत हरकूने बॅटरी एकदाही पेटवली नाही. सेल संपले तर, असे तिला वाटे. संपले तर काय, ते तिला सांगता आले नसते.

आणि समुद्र आपल्या जागी होता. काळा, काळोखात काळा, श्वास घेत, श्वास सोडीत.

*

वेळशेतच्या कोळीवाड्यात एक रीत आहे. होडी बाहेर असेतो नाखवीण टेकडी चढत नाही. टेकडीवर सोमजाईचे देऊळ आहे, वाऱ्याची झुळूक आहे, बोरीचे झाड आहे. पण नवरा पाण्यावर असेतो देवीला नमस्कार खालूनच. कारण उंचावरून होडी लहान दिसते. आणि बायकोने जिला लहान पाहिले, तिला समुद्रही लहान समजतो.

म्हणून वाट पाहायची तर खाली. पाण्याच्या काठाशी, वाळूवर बसून, डोळे पाण्याच्या पातळीला आणून. तसे पाहिले, की होडी क्षितिजाच्या वर येते, आभाळात घुसते, मोठी दिसते. हरकूच्या सासूने असेच पाहिले, तिच्या सासूने असेच पाहिले. कितीतरी बायका, कितीतरी संध्याकाळी, ओल्या वाळूवर बसून आपापली होडी मोठी करीत राहिल्या.

*

मग ती सकाळ झाली.

पौर्णिमा नुकतीच सरली होती. पश्चिमेला फिकट, झिजलेला चंद्र, रात्रभर जागलेल्या माणसासारखा, कुठे टेकावे ते न कळून लोंबत होता. पूर्वेला टेकडीच्या मागे गुलाबाची एक पाकळी उलगडत होती. धुके माडांच्या कमरेला गुंडाळलेले. गवतावर दहिवर. सारे कसे मऊ, मौन, मोत्यासारखे.

बापूसाहेब ताम्हणे काळ्या टोपीवरून मफलर गुंडाळून, काठी टेकीत किनाऱ्याने फिरायला निघाले होते. या वाटेने ते वर्षानुवर्षे फिरत, पण मान खाली घालून, पुढच्या भाषणातल्या पुढच्या वाक्याच्या शोधात. त्या सकाळी त्यांना आपल्या जुन्या वाक्याची थोडी लाज वाटली असावी. महाकवीकडे आपण कधी नीट पाहिलेच नाही, असे मनात येऊन त्यांनी मान वर केली.

महाकवी जागेवर नव्हता.

जिथे लाटा असायच्या, तिथे लखलखती ओली जमीन होती, विशाल, विवस्त्र, विलक्षण. जिथे पाणी असायचे, तिथे कातळ उघडे पडले होते, शेवाळाचे केस मोकळे सोडून. छोट्या छोट्या डबक्यांत जांभळे आभाळ साचले होते. खाडीच्या तोंडावरची वाळूची दांडी, एरवी पाण्याखाली लपलेली, पाठ वर काढून पहुडली होती. खेकडे लगबगीने इकडून तिकडे जात होते. आणि समुद्र पार तिकडे, धुक्याच्या कडेला, एक राखाडी रेघ होऊन राहिला होता.

त्या दिवसांत टेलिव्हिजनवर कोणीतरी समजुतीच्या स्वरात सांगितले होते, की लाट येण्याआधी समुद्र मागे सरतो. ते वाक्य वेळशेतच्या प्रत्येक कानात, बिजागरीला धरलेल्या गंजासारखे, बसून होते.

बापूसाहेब वळले. त्यांच्यापाशी त्या क्षणी कोणतेही विशेषण नव्हते.

"समुद्र गेला," ते म्हणाले.

"कुठं?" दात घासत उभ्या असलेल्या एकाने विचारले.

"गेला," बापूसाहेब म्हणाले. "आता येईल."

वेळशेतचा समुद्र दिवसातून दोनदा मागे जातो. पौर्णिमेच्या सुमारास जरा जास्तच जातो. याला ओहोटी म्हणतात, आणि हे वेळशेतच्या रांगत्या पोरालाही ठाऊक असते. पण त्या सकाळी वेळशेतला ते आठवले नाही. मास्तरांना आठवले नाही, नाखवांना आठवले नाही, ओहोटीच्या वेळी कातळावरची कालवे फोडायला जाणाऱ्या म्हाताऱ्यांना आठवले नाही. आठवड्याभरात लोकांनी एवढे मरण पाहिले होते, की नेहमीचे पाणीही त्यांना अनोळखी झाले.

गाव उठले आणि टेकडीकडे धावले.

त्या पळण्याचे वर्णन करायला शब्द लाजतात, पण करायला हवे. मोठ्या टेलिव्हिजनवाले गृहस्थ टेलिव्हिजन घेऊन निघाले, आणि ज्याच्याशी कुंपणाचे भांडण होते त्या शेजाऱ्याने दुसरी बाजू धरली. डॉक्टर अर्ध्या गालाला साबण लावून चढत होते. कोणी लोणच्याची बरणी, कोणी लग्नाचा अल्बम, कोणी शेळी. एक बाई कुकर घेऊन पळत होत्या आणि वाटेत कुकरची शिट्टी झाली, तेव्हा मागचे दहाजण जमिनीवर आडवे झाले. म्हाताऱ्यांना पाठुंगळी घेतले गेले. ज्यांच्याशी कित्येक वर्षे बोलणे नव्हते, त्यांच्या पोरांना कडेवर घेतले गेले. पाहणाऱ्याला हसू आले असते, आणि मग हसू गिळावे लागले असते. कारण चढणाऱ्या त्या प्रत्येकाच्या डोळ्यांत तो दुसरा किनारा होता, जिथल्या लोकांना टेकडी मिळाली नाही.

*

हरकू दारात उभी होती. तिच्या पायांना ओहोटी आठवली असेलही, पण पायांना कोण विचारतो?

शेजारची बायजा, डोक्यावर गाठोडे, काखेत कोंबडी, तिच्यापाशी थबकली.

"चल गो, हरकू. उबी काय रेलीस?"

"माझा मानूस भायेर हाय."

"आगो तो भायेर हाय म्हनूनच चल ना. त्याच्यामागं पोरींना कोन?"

"पोरी चढल्या तुझ्या सुनेबरूबर. मी नाय चढायची."

"रीतभात नंतर बग. जित्ती रेलीस तर रीत."

बायजाने तिचा दंड धरला, ओढला. हरकू हलली नाही. मग बायजाची पकड सैल झाली. तिचा धनीही एकेकाळी पाण्यावर असे. तीही खाली बसून होडी मोठी करीत असे. एक दिवस तिने पुष्कळ मोठी केली, तरी आली नव्हती. तिने काखेतली कोंबडी सावरली.

"धनी आला तर सांग त्याला," ती पाठमोरी होत म्हणाली, "बायजानं वडलं व्हतं तुला म्हनून."

आणि ती गेली.

हरकू पाण्याकडे निघाली. पाणी नव्हतेच, म्हणून ती पाणी जिथे असायचे तिकडे निघाली. पायांखाली वाळूच्या लहरी, समुद्राने जाताना काढून ठेवलेल्या वळ्या. शिंपल्यांची किरकिर. दूर टेकडीवरून तिच्या नावाने हाका येत होत्या, धुक्यातून गाळून, बारीक होऊन, जणू दुसऱ्याच कोणाला मारलेल्या.

पाणी आल्याशिवाय होडी दांडी ओलांडून खाडीत येत नाही, एवढे ती जन्मभर जाणत होती. आणि पाणी आले की मरण येते, असे आज सारे गाव म्हणत होते. तिने दोन्ही गोष्टी दोन मुठींत घट्ट धरल्या. कोणती सोडावी ते तिला कळेना. ये, असे तिला पाण्याला म्हणायचे होते, आणि नको येऊस, असेही.

मागे वाळू करकरली. बापूसाहेब ताम्हणे काठी टेकीत येत होते.

"हरकूबाई, चला. वर चला."

"तुमी नाय गेलात?"

"निघालो होतो." बापूसाहेबांनी टेकडीकडे पाहिले, मग आपल्या गुडघ्यांकडे. पुढे कित्येक दिवस गावात असे बोलले जाई, की बापूसाहेब धैर्याने खाली थांबले. बापूसाहेब ते खोडून काढीत नसत. गुडघ्यांची साक्ष कोणी काढली नाही.

"जोमा नाखवा बाहेर आहे?" त्यांनी विचारले.

"हां."

बापूसाहेबांनी तोंड उघडले. एक वाक्य येत होते. त्याला सुरुवात होती, मध्य होता, उपमा होती. ते ओठांपर्यंत आले. मग त्यांनी हरकूचा चेहरा पाहिला, आणि आयुष्यात प्रथमच, आलेले वाक्य परत पाठवले.

"बसू का इथं?" ते म्हणाले.

"धोतर भिजंल."

"भिजू दे."

ओहोटीच्या त्या अफाट ओल्या अंगणात ती दोघे बसली. एक काळी टोपी, एक हिरवे लुगडे. मागे सारे गाव टेकडीच्या माथ्यावर, मुंग्यांसारखे. पुढे राखाडी रेघ, आणि रेघेच्या पलीकडे सारे जग.

"खाली वाका आजून," हरकू म्हणाली. "आसं. डोळं पान्याच्या रेगंला आना. मंग होडी मोटी दिसतं."

बापूसाहेब वाकले. होडी नव्हती. तरी ते पाहत राहिले.

*

सूर्य टेकडीवर आला. धुके उठू लागले, आधी पांढरे, मग पिवळे, मग नाहीसेच. डबक्यांतले जांभळे आभाळ निळे झाले. कुठेतरी एक टिटवी ओरडली आणि गप्प झाली.

मग रेघ हलली.

रेघ जाड झाली. रेघेच्या कडेला एक पांढरा दोरा दिसू लागला, लखलखणारा. टेकडीवरून एक किंकाळी उठली, तिला दुसरी मिळाली, तिला शंभर मिळाल्या. घंटा वाजू लागली. हरकूचा हात वाळूत रुतला. तिच्या शेजारी बापूसाहेब पुटपुटत होते, आणि ते काही शोकसभेतले नव्हते; लहानपणी आईने झोपताना म्हणायला शिकवलेले काहीतरी होते, चुकत, अडखळत, मधली ओळ गाळून.

दोरा पुढे आला. दांडीला वळसा घालून आला, कातळाच्या पायथ्याशी आला, शेवाळाचे मोकळे केस अलगद उचलीत आला. एकेका डबक्याला बोट लावीत, एकेका बिळात डोकावीत आला. इतका हळू, इतका हळू, जसा आजारातून उठलेला माणूस पहिल्यांदा अंगणापर्यंत चालत येतो. ओल्या वाळूच्या वळ्यांतून त्याने एक बारीक, चांदीची जीभ पुढे केली, आणि हरकूच्या पावलाला लावली.

थंड. खारट. रोजचे.

हरकूने पाण्याकडे पाहिले. पाण्याने हरकूकडे पाहिले. आणि पायांना जे मघाशी आठवले होते, ते आता गुडघ्यांतून, कमरेतून, छातीतून वर वर चढत तिच्या डोळ्यांपर्यंत पोचले.

"बापूसायब," ती म्हणाली, "ही भरती हाय."

लाट बापूसाहेबांच्या धोतराखालून शिरली आणि परत गेली.

"म्हणजे ती ओहोटी होती," ते म्हणाले.

"आपून सगली येडी झालेली."

"मी सुरुवात केली."

"तुमी केली नसती, तर कुनीतरी केलीच असती. मलापन नाय आठावलं." तिने ओल्या हाताने तोंड पुसले. "आदी भरती भरू द्या. माझी होडी भायेर हाय."

कारण लाट आली नव्हती, म्हणजे जोमा आला होता असे नाही. भय गेले आणि वाट पाहणे उरले. आणि ते पहिल्यापासून तिथेच बसून होते.

पाणी चढत गेले. दोघे मागे सरकत गेली, सरकत गेली आणि पाहत गेली. दांडी बुडाली. कातळ बुडाले. कलंडलेल्या होड्या एकेक करून सरळ झाल्या, जणू कोणी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. समुद्र आपल्या जागी आला होता. फक्त क्षितिजाची कड रिकामी होती, नुकत्या धुतलेल्या ताटासारखी.

मग ऐकू आले. आधी ऐकू आले, मग दिसले. टुक टुक टुक टुक. मशीनचा आवाज, दमेकऱ्याच्या खोकल्यासारखा, ओळखीचा, लाजिरवाणा, अमृतमय. हरकूने हनुवटी वाळूला टेकवली. पाण्याच्या पातळीवरून तिने पाहिले: क्षितिजातून एक ठिपका उगवला, ठिपक्याला डोलकाठी फुटली, डोलकाठीला तिने शिवलेले तांबडे निशाण फुटले. होडी आभाळात घुसली. मोठी झाली. देवळाएवढी झाली. तिच्या नाळेवर, पुढच्या निमुळत्या टोकावर, जोमाने रंगवलेले दोन डोळे, एक जरा तिरळा, हरकूला शोधीत थेट आत आले.

*

होडी वाळूला लागली तेव्हा हरकू मांड्यांपर्यंत पाण्यात होती. ती रडली नाही. तिने तिरळ्या डोळ्यावर तळवा ठेवला आणि तो तिथेच राहू दिला.

जोमा नाखवा वरून पाहत होता. त्याने बायकोकडे पाहिले. मग चिंब भिजलेल्या बापूसाहेबांकडे पाहिले. मग टेकडीकडे पाहिले, जिथून सारे गाव, शेळी, कुकर आणि टेलिव्हिजन घेऊन, हळूहळू, एकमेकांकडे न बघता, खाली उतरू लागले होते.

"सोमजाईची जत्रा आज हाय?" त्याने विचारले.



"जोमा," बापूसाहेब म्हणाले, "उगवतीच्या समुद्रात..." आणि थांबले. या वेळी उपरणे तोंडावर आले नव्हते. वारा पडला होता. तरी पुढचे त्यांना सांगता येईना. ते नुसतेच हात हलवून उभे राहिले, तळवे वर.

होडीच्या पोटात मासळी होती. बर्फाच्या चुऱ्यात निजलेली, रुपेरी, निळसर, मोरपंखी. सुरमईच्या पाठीवर आभाळ, पापलेटाच्या पोटावर चंद्र. बापूसाहेबांची दृष्टी तिकडे गेली, आणि तिथून निघेना. वेळशेतचा दुखवटा दुपारच्या जेवणापलीकडे टिकेल, अशी चिन्हे दिसत नव्हती.

हरकूने हात घातला आणि एक मासा उचलला. सगळ्यांत मोठा नव्हे, सगळ्यांत लहान नव्हे. विकताना पहिल्या गिऱ्हाइकाला, भवानीला, ती जसा देई तसा. पहिल्या विक्रीचा तो मासा ती नेहमी निवडून देई, कारण दिवस त्याच्यावर जातो. तिने तो दोन्ही तळव्यांवर घेतला. उगवतीकडे तोंड केले. उगवतीला टेकडी होती, गाव होते, घाट होते, सारा देश आडवा पसरलेला होता, आणि त्याच्याही पलीकडे तो किनारा, ती फुटकी फळी, ते दोन उघडे हात.

"घे गो बाय," ती म्हणाली. "तुझी भवानी."

आणि तिने तो पाण्यावर ठेवला. फेकला नाही, ठेवला. मासा क्षणभर तरंगला, उन्हात एकदा चमकला. मग एक लाट आली, साधी, घोट्याएवढी, आणि तिने तो उचलून नेला. निळ्यात निळा, खोलात खोल, दूरात दूर. टेकडी उतरणारे लोक होते तिथेच थांबले. टेलिव्हिजन धरलेल्या दोघांनीही तो खाली ठेवला. डॉक्टरांच्या गालावरचा साबण सुकून गेला होता. शोकसभेत दोन मिनिटे शांत उभे राहताना जेवढे खोकले आले होते, त्यांतला एकही आला नाही. समुद्र आपल्या जागी होता, आणि त्याच्या काठाशी, बऱ्याच दिवसांनी, सारे वेळशेतही आपल्या जागी होते.

जोमाने हे सारे पाहिले. त्याला त्यातले काहीच कळले नाही, पण काहीतरी मोठे आहे एवढे कळले. म्हणून त्याने टोपी काढली. मासा दिसेनासा होईपर्यंत तो थांबला, नंतरही थोडा थांबला. मग नाळेवरून खाली वाकला आणि, आवाज शक्य तेवढा हळू करून, म्हणाला,

"हरकू, माझे सेल तेवढे दे."